वाचकांचे प्रश्न : डक्टमधून गळणारी हवा

अमेरिकेतील वाचकांकडून या वेळी एकाच विषयावर, म्हणजे एसीची किंवा हीटरची हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या डक्टच्या गळतीवर, बरेच प्रश्न आले, म्हणून संपूर्ण सदर त्या विषयाला दिले आहे.

प्रश्न : टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ आमचे दुमजली घर आहे. उन्हाळ्यात एसी दिवसभर चालतो, तरी वरची एक खोली थंड होत नाही आणि घरात दमटपणा जाणवतो. एसीवाल्याने चार टनांचे यंत्र काढून पाच टनांचे बसवण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

उत्तर : इतक्यात नको. टेक्सासमधील बहुतेक घरांत थंड हवा नेणारे डक्ट छपराखालच्या पोकळीतून, म्हणजे अ‍ॅटिकमधून गेलेले असतात आणि पुष्कळदा हवा फिरवणारे यंत्रही तिथेच ठेवलेले असते. भर उन्हाळ्यात दुपारी त्या जागेचे तापमान १२० ते १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. घरातील सर्वांत गार हवा घरातील सर्वांत तापलेल्या जागेतून फिरवून आणण्याची ही पद्धत मुळातच विचित्र आहे. तशात डक्टचे जोड सैल असतील तर नुकसानीला अंत राहत नाही. ‘एनर्जी स्टार’ या अमेरिकी सरकारी उपक्रमाच्या अंदाजाप्रमाणे सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटी, भोके आणि निसटलेले जोड यांतून वाया जाते.

गळती खोल्यांकडे जाणाऱ्या डक्टमध्ये असेल, तर यंत्र घरातून जितकी हवा ओढून घेते तितकी घरात परत येत नाही. घरातील दाब किंचित उतरतो आणि ती तूट भरून निघण्यासाठी दारे, खिडक्या, दिव्यांची भोके अशा मिळेल त्या वाटेने बाहेरची दमट हवा आत शिरते. आपल्याकडचा दमटपणा बहुधा याच वाटेने येत असावा. यंत्राकडे परत येणाऱ्या डक्टमधील गळती त्याहून महाग पडते. समजा, परतीच्या हवेत दहा टक्के हवा १३० अंशांच्या अ‍ॅटिकमधून मिसळली आणि बाकीची ७५ अंशांची असली, तर एकूण हवा साडेऐंशी अंशांची होते. एसीतील हवा गार करणारे कॉइल हवेचे तापमान साधारणपणे वीस अंशांनी उतरवते. त्यांपैकी साडेपाच अंश एवढ्याशा फटीनेच खाल्ले, आणि बाष्पाचा हिशेब तर यात धरलेलाही नाही.

गळका रांजण मोठ्या घागरीने भरत नाही. यंत्र मोठे झाले की पंखा अधिक दाबाने हवा ढकलतो, त्यामुळे त्याच फटींतून अधिक हवा निसटते. शिवाय थर्मोस्टॅट असलेली खोली लवकर गार होऊन यंत्र थांबते आणि हवेतील बाष्प काढून टाकायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. म्हणून आधी डक्टची गळती मोजून घ्यावी. या चाचणीत सर्व व्हेंट, म्हणजे खोल्यांतील हवेची जाळीदार तोंडे, झाकून डक्टला एक पंखा जोडतात, आत २५ पास्कल दाब निर्माण करतात आणि तो टिकवण्यासाठी मिनिटाला किती हवा लागते ते पाहतात. नव्या घरांसाठीच्या ऊर्जाविषयक बांधकाम संहितेत दर शंभर चौरस फुटांमागे मिनिटाला चार घनफुटांची मर्यादा रूढ आहे. २४०० चौरस फुटांच्या घराला ती ९६ घनफूट पडते. चार टनांचे यंत्र मिनिटाला सुमारे १६०० घनफूट हवा फिरवते. चाचणीत तीन-चारशेचा आकडा आला, तर पाच टनांच्या यंत्राचा विषय तिथेच संपवावा.

प्रश्न : हार्डवेअरच्या दुकानातील करड्या रंगाची कापडी टेप गुंडाळली तर चालेल का? हे काम स्वतः करता येण्यासारखे आहे का?

उत्तर : कापडी टेप आणू नये. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये डक्टचे जोड बंद करण्याची निरनिराळी साधने गरम आणि गार हवेच्या माऱ्यात तपासली, तेव्हा नापास झाली ती हीच टेप. उष्णतेने तिचा चिकटपणा वाळून जातो आणि ती सुटून लोंबू लागते. आपल्या अ‍ॅटिकमध्ये डोकावल्यास तिचे अवशेष बहुधा दिसतील.

योग्य साधन म्हणजे मॅस्टिक. हा दाट लेप बादलीत मिळतो आणि स्वस्त ब्रशने किंवा हातमोजे घालून थेट हाताने लावता येतो. जोडावरची धूळ पुसून तो पाच सेंटच्या नाण्याइतका, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाड लावावा. फट पाव इंचाहून रुंद असेल तर आधी फायबरग्लासची जाळीदार पट्टी बसवून तिच्यावर लेप द्यावा. फिल्टरचे झाकण, यंत्राच्या पत्र्याचे दरवाजे अशा पुढे पुन्हा उघडाव्या लागणाऱ्या जागी मॅस्टिक न लावता अ‍ॅल्युमिनियमची फॉइल टेप वापरावी. दोन्ही वस्तूंवर ‘यूएल १८१’ हा डक्टसाठीच्या अमेरिकी मानकाचा शिक्का आहे ना, हे पाहून घ्यावे.

सुरुवात यंत्रापासून करावी. पुष्कळ लोक उत्साहाने खोलीतल्या व्हेंटपासून आरंभ करतात आणि अ‍ॅटिकमधील अवघड कोपऱ्यापर्यंत पोहोचेतो दमून जातात. प्रत्यक्षात दाब यंत्राजवळ सर्वांत जास्त असतो, म्हणून तिथली लहानशी फटही अधिक हवा घालवते. यंत्राला जोडलेली मोठी पेटी, तिच्यातून फुटणाऱ्या शाखांची तोंडे, फिल्टरची खाच आणि परतीचा मुख्य डक्ट एवढे नीट बंद झाले तरी मोठा भाग उरकला. त्यानंतर व्हेंटमागचा पत्र्याचा डबा आणि छताचा ड्रायवॉल (जिप्समचा फळा) यांच्यामधली फट भरावी. लवचिक डक्ट असेल तर त्याचे आतले अस्तर पत्र्याच्या गळ्यावर चढवून पट्ट्याने आवळावे, त्यावर मॅस्टिक द्यावे आणि मगच उष्णतारोधक थर वर ओढावा. नुसते बाहेरचे वेष्टन चिकटवण्याला काहीही अर्थ नाही, आणि दुर्दैवाने अनेक घरांत नेमके तेवढेच केलेले आढळते.

काम पहाटे करावे, यंत्राची वीज बंद ठेवावी, मास्क लावावा आणि पाय फक्त लाकडी तुळयांवर द्यावेत, कारण मधला ड्रायवॉल माणसाचे वजन पेलत नाही. घर फार जुने असून डक्टवर पांढरी, कागदासारखी पट्टी किंवा वेष्टन असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकते; त्याला हात न लावता तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : चाचणीचा खर्च करण्याआधी गळती कुठे आहे याचा अंदाज घरच्या घरी घेता येईल का?

उत्तर : येईल, आणि साधन आपल्या देवघरातच आहे. थर्मोस्टॅटवर पंखा सतत चालू ठेवून पेटती उदबत्ती जोडांजवळून सावकाश फिरवावी. धूर उडाला तर हवा बाहेर येत आहे, आत ओढला गेला तर परतीच्या बाजूला फट आहे. अ‍ॅटिकमध्ये कागदी आवरणाचे इन्सुलेशन असेल तर उदबत्ती तिथे नेऊ नये. ओलसर हात फिरवला तरी झुळूक कळते. याखेरीज फायबरग्लासच्या वेष्टनावर काळपट डाग दिसतात का ते पाहावे. निसटणारी हवा त्या वेष्टनातून गाळली जाते आणि धूळ मागे राहते, त्यामुळे डाग म्हणजे गळतीचा पत्ताच.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. फर्नेस (हवा तापवणारे यंत्र) आणि डक्ट बेसमेंटमध्ये आहेत. गळलेली हवा घरातच राहते, मग खर्च कशाला?

उत्तर : ऊर्जेच्या दृष्टीने आपले म्हणणे बरेचसे बरोबर आहे. बेसमेंटच्या भिंती उष्णतारोधक असतील तर बचत टेक्सासइतकी होणार नाही, मात्र वरच्या खोल्या हिवाळ्यात थंड राहत असतील तर तेवढ्यासाठी हे काम करण्याजोगे आहे. चिंता आहे ती निराळी. बेसमेंटमध्ये चिमणीला जोडलेला जुन्या पद्धतीचा गॅसचा वॉटर हीटर असेल आणि परतीचा डक्ट तिथेच गळत असेल, तर पंखा बेसमेंटमधील हवा ओढून दाब उतरवतो आणि हीटरचा धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी घरात उलटू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. म्हणून परतीची बाजू आधी बंद करावी, काम संपल्यावर तज्ज्ञाकडून धूर नीट वर जातो की नाही हे तपासून घ्यावे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर लावावा.

प्रश्न : आतून फवारा मारून फटी बंद करण्याची पद्धत विश्वासार्ह आहे का?

उत्तर : आहे. ती १९९० च्या दशकात त्याच बर्कली प्रयोगशाळेत विकसित झाली. व्हेंट बंद करून डक्टमध्ये चिकट द्रव्याचे सूक्ष्म कण दाबाने सोडतात. ते हवेबरोबर फटींकडे जातात आणि त्यांच्या कडांवर साचत जातात. भिंतींत बंदिस्त असलेल्या डक्टसाठी याहून चांगला उपाय नाही. पण निखळलेले जोड आणि मोठी भगदाडे आधी हातानेच दुरुस्त करावी लागतात, आणि अ‍ॅटिकमधील डक्टपर्यंत सहज पोहोचता येत असेल तर मॅस्टिक कितीतरी स्वस्त पडते.

प्रश्न : डक्ट आतून स्वच्छ करून घेतल्याने वीज वाचते, अशी जाहिरात येते. ते खरे आहे का?

उत्तर : त्या पैशांत मॅस्टिक आणावे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था नेमाने डक्ट साफ करण्याची शिफारस करत नाही. आत बुरशी वाढली असेल, उंदीर-किडे शिरले असतील किंवा धुळीने डक्ट तुंबला असेल, तरच ते काम काढावे.

प्रश्न : मुले कॉलेजला गेल्याने दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्यांचे व्हेंट बंद ठेवावेत का?

उत्तर : नाही. डक्टमधील दाब वाढतो आणि आहे त्या फटींतून अधिक हवा जाते.

प्रश्न : पुण्यातील आमच्या फ्लॅटमध्ये असे काही करण्यासारखे आहे का?

उत्तर : भिंतीवरच्या स्प्लिट एसीला डक्टच नसतो, तिथे नळ्या बाहेर नेण्यासाठी भिंतीत पाडलेले भोक पुट्टीने बुजवले आणि खिडक्यांच्या फटी भरल्या की झाले. फॉल्स सीलिंगमध्ये दडवलेले डक्टचे यंत्र असेल तर मात्र परतीची हवा कुठून येते ते पाहावे, कारण अनेक ठिकाणी परतीचा डक्ट बांधतच नाहीत आणि यंत्र सीलिंगवरच्या मोकळ्या पोकळीतून हवा ओढते. वरचा मजला गच्चीखाली असेल, तर ती पोकळी दुपारी चांगलीच तापलेली असते. अशा वेळी खोलीतील जाळीपासून यंत्रापर्यंत बंद डक्ट करून घ्यावा.