रबर आहे हे कळतं, तरी झोप का लागत नाही? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी ऐंशीच्या दशकातल्या क्रिएचर हॉररवर एक पान लिहिलं होतं, म्हणजे ज्या पिक्चरमध्ये भूत नसतं, चाकूवाला खुनी नसतो, तर एखादा प्राणी, परग्रहावरचा जीव नाहीतर माणसाच्याच शरीराचं काहीतरी भलतं झालेलं असतं. शेवटी म्हणलं होतं की काही विचारायचं असेल तर विचारा. भरपूर पत्रं आली. सगळी घेता येणार नाहीत, पण जी वाचून मला तो पिक्चर पुन्हा लावावासा वाटला ती इथे घेतलीयेत.

प्रश्न : ताई, माझं वय २३. तुम्ही एवढं कौतुक केलंत म्हणून 'द थिंग' बघितला. खरं सांगू, ते रबर आहे हे कळतं. तरी रात्री झोप लागली नाही. आजचे कॉम्प्युटरवर केलेले प्राणी कितीतरी सफाईदार असतात पण त्यांची भीती वाटत नाही. असं का?

रबर आहे हे तुला कळलं ते बरोबरच आहे, पण ते रबर त्या खोलीत होतं ना. माझ्यासाठी सगळी गोष्ट तिथेच सुरू होते. (ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी : 'द थिंग' म्हणजे जॉन कारपेंटरने दिग्दर्शित केलेला १९८२ चा पिक्चर, अंटार्क्टिकावरच्या तळावर परग्रहावरचा जीव शिरतो आणि कुणाचंही रूप घेतो.) तो सीन आठव, तळावरच्या नॉरिसला हार्ट अटॅक आलाय असं समजून डॉक्टर त्याच्या छातीवर शॉकची पॅडल्स टेकवतो आणि छातीच जबड्यासारखी उघडते आणि डॉक्टरचे दोन्ही हात तोडते. ते कसं केलं माहितीये? दोन्ही हात नसलेला एक माणूस शोधला, त्याला डॉक्टरचं काम करणाऱ्या नटाच्या चेहऱ्याचा मुखवटा घातला, खोटे हात जोडले आणि ते हात खरोखर त्या यांत्रिक छातीत गेले. जो लाईट माणसांवर पडलाय तोच त्या छातीवर पडलाय, टेबल हललं तर तीही हलते. आपल्या डोळ्याला हे सगळं न सांगता कळतं, मेंदू म्हणतो रबर आहे आणि डोळे म्हणतात अरे पण आहे.

हे सगळं स्वतःच्या कल्पनेतून घडवणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याहून लहान. वर्षभराहून जास्त काळ तो सुट्टी न घेता त्याच कामात होता, झोपायचासुद्धा तिथेच, आणि काम संपलं तेव्हा थकव्यामुळे त्याला हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागलं. कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्राणी तेवढा स्टॅन विन्स्टन या दुसऱ्या कारागिराच्या टीमने केला, कारण एकट्या बॉटिनच्याने ते होणं शक्यच नव्हतं. मला त्या पिक्चरमधला प्रत्येक लिबलिबीत अवयव बघताना वाटतं की यात कुणाचा तरी जीव गेलाय, म्हणजे कष्टाच्या अर्थाने, आणि ते पडद्यावर दिसतं.

पण जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. शेवटच्या मोठ्या प्राण्यासाठी स्टॉप मोशनचे शॉट, म्हणजे बाहुली एकेक फ्रेम हलवून घेतलेले, तयार केले होते, पण ते बाकीच्या पिक्चरशी जुळेनात म्हणून जॉन कारपेंटरने त्यातले बहुतेक काढून टाकले. बरोबर केलं. आणि उलट उदाहरणही बघ, २०११ मध्ये याच कथेच्या आधीचा भाग सांगणारा पिक्चर आला, त्यासाठी खरे पपेट्स आणि सूट बनवले होते, बनवणारे लोकही 'एलियन्स'वर काम केलेले कसलेले कारागीर होते, पण त्यातलं बरंचसं नंतर कॉम्प्युटरने झाकलं गेलं. दोन्ही पिक्चर एकापाठोपाठ बघ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा ते चांगलं देतील.

प्रश्न : या पिक्चरमध्ये सगळं इतकं चिकट, बुळबुळीत का असतं? प्राणी कुठलाही असो, लाळ गळतेच. माझी मुलगी म्हणते, आई यांना सगळ्यांना सर्दी झालीये का.

मुलीचं निरीक्षण एकदम बरोबर आहे, आणि यामागे सरळ कामाची गोष्ट आहे. लेटेक्स, म्हणजे या प्राण्यांची कातडी ज्याची करतात ते रबर, कोरडं असलं की मेलेलं दिसतं. प्रकाश त्यावर पडून तिथेच विझतो, जोड दिसतात, रंग लावलाय हे कळतं. त्यावर ओला चकचकीत थर दिला की प्रकाशाचे बारीक ठिपके चमकतात, आणि प्राणी जरासा हलला की तेही हलतात, म्हणजे आत पपेट चालवणाऱ्याने बोटभर हालचाल केली तरी बघणाऱ्याला सगळं अंग थरथरल्यासारखं वाटतं. जोडही लपतात. शिवाय ओलं म्हणजे जिवंत, डोळा, जीभ, जखम, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हा चिकटपणा यायचा कुठून तर बऱ्याचदा मिथाइलसेल्युलोज नावाच्या पावडरीतून, जी खाण्याच्या पदार्थांना दाटपणा आणायला वापरतात. पाण्यात कालवली की हवा तेवढा घट्ट, पारदर्शक चिकट द्रव तयार होतो, 'घोस्टबस्टर्स'मधला तो प्रसिद्ध चिकटाही हाच. सुरुवात थोडी आधीची आहे, १९७९ च्या 'एलियन'मध्ये माणसाच्या तोंडाला चिकटलेला तो जीव उलटा करून तपासतात ना, तेव्हा आत दिसतात ते खरे शिंपले आणि मेंढीची किडनी. बॉटिनने तर 'द थिंग'साठी मेयोनेज, मक्याची पेस्ट, मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेलं बबलगम असलं काय काय वापरलं. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं, एका टेबलावर खाण्याच्या वस्तू घेऊन बसलेली माणसं विचार करतायत की याच्यातून किळस कशी काढायची.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. नातवाबरोबर आपण सांगितलेला 'द थिंग' पाहिला. किळसवाणेपणा म्हणजे कला नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळच्या समीक्षकांनीही त्यास झोडपले होते, असे वाचले. मग आज एवढा उदोउदो कशासाठी?

सर, तुम्ही वाचलंत ते खरं आहे, झोडपलंच होतं. पिक्चर लागला २५ जून १९८२ ला, त्याच दिवशी 'ब्लेड रनर'ही लागला आणि दोघांचंही तेव्हा काही खरं झालं नाही. दोनच आठवडे आधी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता, लोक त्या गोड परग्रहवासीसाठी डोळे पुसत बाहेर पडत होते आणि तेवढ्यात हा आला, ज्यात परग्रहावरचा जीव तुमच्या मित्राचा चेहरा लावून शेजारी बसतो. लोकांना नको होतं ते. पुढे व्हिडिओ कॅसेटवर आणि टीव्हीवर हळूहळू त्याचे चाहते वाढत गेले, मीही त्यातलीच.

पण तुमचा मुख्य आक्षेप किळसेचा आहे. माझं म्हणणं एवढंच की किळस हा त्या पिक्चरचा विषय नाहीये, विषय संशय आहे. अंटार्क्टिकावर १२ माणसं अडकलीयेत आणि त्यातलं कोण अजून माणूस आहे हे कुणालाच सांगता येत नाही. सगळ्यात भारी सीन कुठला म्हणाल तर रक्ताच्या चाचणीचा, माणसांना खुर्च्यांना बांधलंय, प्रत्येकाचं रक्त छोट्या बशीत घेतलंय आणि नायक झालेला कर्ट रसेल तापवलेली तार एकेका बशीत टेकवतोय, कारण या जीवाचा प्रत्येक थेंब स्वतंत्रपणे जीव वाचवायला बघणार असा त्याचा अंदाज आहे. त्या सीनचा बराचसा भाग फक्त चेहरे, तार आणि चर्र असा आवाज आहे. किळस तिथे लागते ती याच्यासाठी की संशय खरा ठरला तर काय होईल हे आपण आधी बघितलेलं असतं, ते नुसतं सांगून भागलं नसतं. एनिओ मोरिकोनेचं संगीतही परत ऐका, काही ठिकाणी तर छातीत धडधडावं तसे नुसते एकाच सुराचे ठोके आहेत. नातवाला आवडला का ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत, मला ते जाणून घ्यायला आवडेल.

प्रश्न : तुमच्या लेखात 'द फ्लाय'चं नाव होतं. माझे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, ते गेल्यावर काही महिन्यांनी मी तो सहज म्हणून लावला आणि ढसाढसा रडले. घरच्यांना काही कळेना, माशीच्या पिक्चरला काय रडायचं. माझंच काही चुकतंय का?

नाही हो, अजिबात नाही. तुम्ही तो पिक्चर ज्यासाठी केलाय तसाच बघितलात. दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्गने स्वतः सांगितलंय की त्याच्या डोक्यात आजारपण, म्हातारपण आणि मरण हेच होतं. १९८६ साली आला तेव्हा एड्सची भीती सगळीकडे होती आणि खूप जणांना त्यात तेच दिसलं, ज्याचं जे दुखणं त्याला ते दिसतं असा तो पिक्चर आहे.

आठवतंय का, प्रयोगात त्या शास्त्रज्ञाच्या शरीरात नकळत माशी मिसळते, आणि सुरुवातीला त्याला वाटतं आपण बरे झालोय, उलट जास्तच चांगले झालोय. ताकद वाढलीये, झोप लागत नाही, कॉफीत चमचे चमचे साखर घालतोय, सारखा बोलतोय. मग नख निघून येतं. आणि ते नख हातात धरून आरशासमोर उभा राहिलेला जेफ गोल्डब्लम, तो सीन मला कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त घाबरवतो, कारण ज्याने घरात मोठं आजारपण बघितलंय त्याला ती वेळ माहितीये, जेव्हा पहिल्यांदा कळतं की हे नुसतं थकवा बिकवा नाहीये. पुढे तो आपले गळून पडलेले अवयव बाथरूमच्या कपाटात नीट मांडून ठेवतो, शास्त्रज्ञ आहे ना, नोंद ठेवायची सवय. आणि कान गळून पडतो तेव्हा त्याची प्रेयसी झालेली जीना डेव्हिस मागे सरकत नाही, त्याला जवळ घेते. आपण बघणारे मागे सरकलेलो असतो आणि ती जवळ घेते. तुम्ही दोन वर्षं काय केलं असेल ते मला त्या मिठीत दिसतंय.

क्रिस वालास आणि स्टीफन डुपुई यांना या मेकअपसाठी ऑस्कर मिळालं. टप्प्याटप्प्याने बदलत जाणारा तो मेकअप असा केलाय की शेवटपर्यंत त्या माणसाचे डोळे सापडत राहतात, आणि अगदी शेवटी, जेव्हा आत माणूस नाही नुसतं पपेट उरलंय, तेव्हाही तो बंदुकीची नळी स्वतःच्या डोक्याकडे ओढतो तेव्हा आपल्याला तो तोच वाटतो. घरच्यांना समजावत बसू नका. पुन्हा बघावासा वाटला तर कुणाला तरी शेजारी घेऊन बघा एवढंच.

प्रश्न : 'प्रेडेटर' पिक्चरमधल्या परग्रहावरच्या शिकाऱ्याच्या सूटमध्ये खरंच माणूस होता का? मित्राशी पैज लागलीये.

होता. केव्हिन पीटर हॉल, उंची ७ फूट २ इंच. आधी केलेला सूट जमला नाही म्हणून तो टाकून दिला आणि स्टॅन विन्स्टनने नवा केला, तोंडाभोवतीच्या त्या हलणाऱ्या नांग्यांची कल्पना विन्स्टनला विमानप्रवासात जेम्स कॅमेरॉनने सुचवली होती. पिक्चरच्या शेवटी हेलिकॉप्टरचा पायलट दिसतो ना, तोही हॉलच, बिनामुखवट्याचा. आणि त्याच वर्षी, १९८७ मध्ये, 'हॅरी अँड द हेंडरसन्स'मध्ये एका कुटुंबाच्या घरात राहणारा प्रेमळ केसाळ बिगफूटही त्यानेच केला. एकाच वर्षी सगळ्यात भयंकर आणि सगळ्यात मायाळू प्राणी, एकाच माणसाच्या अंगात. १९९१ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. पैज जिंकली असशील तर मित्राला दोन्ही पिक्चर दाखव.

प्रश्न : मी घाबरट आहे पण तुमचं वाचून बघावंसं वाटतंय. कुठून सुरू करू?

'ग्रेम्लिन्स'पासून करा, १९८४ चा, जो दांतेचा. त्यात स्वयंपाकघरात एक आई एकटी त्या सगळ्या छोट्या राक्षसी कार्ट्यांशी मिक्सर आणि मायक्रोवेव्ह घेऊन लढते, तो सीन घाबरटांसाठी उत्तम परीक्षा आहे. लहान मुलांना मात्र सोबत बसवू नका, हा आणि त्याच उन्हाळ्यातला 'इंडियाना जोन्स' बघून आईवडिलांनी इतक्या तक्रारी केल्या की अमेरिकेत त्याच वर्षी पीजी-१३ हे, १३ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं, नवं रेटिंग आणावं लागलं.

तिथे टिकलात तर १९८१ चा 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'. जुन्या पिक्चरमध्ये माणूस खुर्चीत शांत बसायचा आणि चेहऱ्यावर चेहरा मिसळत लांडगा व्हायचा, इथे रिक बेकरने भरपूर उजेडात, दिवाणखान्यात, माणूस जमिनीवर ओरडत असताना हाडं ताणली, केस तर खोट्या कातडीतून आत ओढून घेतले आणि फिल्म उलटी चालवली. मेकअपचं ऑस्कर नियमित सुरू झालं तेव्हाचं पहिलंच त्याला मिळालं. मग 'एलियन्स', त्यातली परग्रहावरच्या जीवांची राणी साधारण १४ फुटी आहे आणि तिच्या धडात दोन माणसं बसलीयेत, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे भीती जरा कमी होईल, निदान व्हायला हवी.

'द थिंग' सगळ्यात शेवटी ठेवा, आणि बघाल तेव्हा सुरुवातीच्या कुत्र्यावर लक्ष ठेवा. त्याचं नाव जेड, अर्धा लांडगा होता. तो लांब बोळातून सावकाश चालत येतो, एका दाराशी थांबतो, आत बघतो, भिंतीवर कुणाची तरी सावली आहे, ती मान वळवते, कुत्रा आत जातो. कुणाची सावली ते ओळखायचा प्रयत्न सगळेच करतात, मीही कितीदा थांबवून बघितलंय. पण कुणाच्या डोक्याचा आकार ओळखू येऊ नये म्हणून कारपेंटरने ती सावली मुद्दामच त्या बारापैकी कुणाचीच घेतली नाही, एका स्टंटमनची घेतली.