साथीला बसण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. सोलोऐवजी तुला पियानोवर गायकांच्या साथीला बसवलं म्हणून तू रात्रभर रडलीस, हे वाचून जीव कळवळला. कार्डिफमधली माझी सगळी वर्षं गायकांच्या शेजारी बसण्यातच गेली, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुला वेल्सचा पियानोवादक लीर विल्यम्स ऐकायला सांगितलं होतं. (त्याच्या नावातला 'ल' जिभेच्या कडेनं हवा सोडून म्हणायचा असतो, आपल्या लिपीत तो मावत नाही.) १९७६ साली रेक्सम जवळच्या पेंत्रे बिखान गावात जन्म. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात शिकला, मग लंडनच्या रॉयल अकॅडमीत. बेथोव्हनच्या ३२च्या ३२ सोनाटा त्यानं एडिंबरोत आणि लंडनच्या विगमोर हॉलमध्ये वाजवल्या. एवढा मोठा सोलो वादक, आणि 'कार्डिफ सिंगर ऑफ द वर्ल्ड' स्पर्धेत अधिकृत साथीदार म्हणून बसला. त्याच स्पर्धेनं १९८९ साली मुख्य बक्षीस रशियन गायक ह्वोरोस्तोव्स्कीला दिलं आणि गीतगायनाचं आपल्या वेल्सच्या ब्रिन टर्फेलला. कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या गायकांना सांभाळून घ्यायचं, तेही आयुष्याची बाजी लावून उभ्या असलेल्या! लीरला त्यात कमीपणा वाटला असता तर तो तिथे बसलाच नसता.

आता तुझ्या हाताबद्दल. परवा तू शूबर्टचं 'चरख्यापाशी ग्रेचेन' हे गाणं वाजवलंस. सूर सगळे बरोबर होते. पण शब्द तू वाचलेच नव्हतेस, हे मला पहिल्याच पानावर कळलं. शूबर्ट १७ वर्षांचा होता, साल १८१४, शब्द जर्मन कवी गटेचे. उजवा हात म्हणजे फिरणारं चाक. मुलगी प्रियकराला आठवत आठवत त्याच्या चुंबनापर्यंत येते आणि चाक थांबतं. पुढे ते पुन्हा सुरू होतं ते अडखळत, जणू हात थरथरतोय. त्या जागी गायिकेला एकही शब्द नाही. ती मुलगी भानावर कशी येते, हे तिथे फक्त पियानो सांगतो. तू ती जागा मोजून मापून वाजवलीस आणि पुढे गेलीस. मला तिथे फार हळहळ वाटली.

म्हणून आधी कविता मोठ्यानं वाच. अर्थ लावून वाच, जर्मन येत नसेल तर शब्दाशब्दाखाली मराठी लिही. मी अजूनही लिहिते. दुसरी गोष्ट व्यंजनांची. 'श्ट्रोम' हा जर्मन शब्द म्हणताना गायकाची व्यंजनं ठेक्याच्या आधी येतात आणि 'ओ' ठेक्यावर. तुझा सूर त्या 'ओ'बरोबर पडायला हवा. सुरुवातीची कित्येक वर्षं मी व्यंजनावरच वाजवत होते आणि एका वयस्कर गायिकेनं माझा हात हलकेच धरून थांबवेपर्यंत ते मला उमगलं नाही. तेव्हापासून मी श्वासाकडे बघते. खांदे उचलले जाण्याच्या किंचित आधी बरगड्या उघडतात, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं. तुलाही दिसेल.

तू 'मागे बसणं' असा शब्द वापरलास. इथल्या लोकांना तो पटणार नाही. वेल्समध्ये आइस्टेथव्हॉडच्या, म्हणजे इथल्या काव्य-संगीत महोत्सवाच्या, स्पर्धांत गावोगावचे साथीदार दिवसभर पियानोवर बसलेले असतात, त्यांना इथे मान आहे. आणि 'केर्द दान्त' ही इथली पारंपरिक गायकी तर ऐकच. हार्पवर एक चाल सुरू होते, गायक मागाहून वेगळी चाल घेऊन शिरतो आणि दोघं शेवटी एकत्र येऊन थांबतात. मला पहिल्यांदा ऐकताना तबल्याच्या सोलोला पेटीवर धरलेला लेहरा आठवला. लेहरा सुटला तर तबलजीनं समेवर यायचं कुठे?

सोलो सोडू नकोस. बेथोव्हनचा रियाज सकाळी कर, हात ताजे असताना. फक्त दुपारची गाणी उरलेल्या वेळात ढकलू नकोस.

रविवारी ये. ग्रेचेनची वही आण. तू नुसता उजवा हात वाजव, शब्द मी म्हणते. त्या चुंबनाच्या जागी आपण थांबू आणि चाक पुन्हा कसं फिरतं ते हळूहळू शोधू.

तुझी,
मावशी