वाचकांचे प्रश्न : पेन टॅबलेट घेतला, आता हात बसेना

पेन टॅबलेट म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची पाटी, जिच्यावर माऊसऐवजी पेन फिरवायचं. त्याबद्दल लिहा म्हणून बरेच दिवस पत्रं येत होती, त्यातले सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. काही प्रश्न फोटो एडिट करणाऱ्यांचे आहेत, काही चित्र काढणाऱ्यांचे, पण सुरुवातीच्या अडचणी दोघांच्या सारख्याच असतात त्यामुळे सगळी उत्तरं सगळ्यांनी वाचा.

प्रश्न : ताई, नवीन टॅबलेट घेतलाय, बिनस्क्रीनचा. हात टेबलावर, नजर मॉनिटरवर, आणि कर्सर भलतीकडेच पळतो. साधं गोल काढलं तरी अंडाकृती होतं. यापेक्षा माऊस बरा होता असं वाटायला लागलंय. माझंच काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाहीये. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक सवयीची आणि एक सेटिंगची, आणि लोक दोन्ही एकत्र करून स्वतःलाच दोष देत बसतात.

आधी सेटिंग. माऊस उचलून दुसरीकडे ठेवला तरी कर्सर जिथे होता तिथेच राहतो, पेनाचं तसं नसतं. टॅबलेटचा वरचा डावा कोपरा म्हणजे स्क्रीनचा वरचा डावा कोपरा, खालचा उजवा म्हणजे खालचा उजवा, असं एकास एक नातं असतं. आता तुमच्या टॅबलेटचा भाग १६:१० आकाराचा आणि मॉनिटर १६:९ चा असेल तर ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर, टॅबलेट ताणून स्क्रीनवर बसवतो आणि हाताने अगदी नीट गोल काढला तरी स्क्रीनवर तो आडवा पसरतो. ड्रायव्हरमध्ये मॅपिंग नावाचा भाग असतो, तिथे प्रपोर्शन, म्हणजे लांबीरुंदीचं प्रमाण, कायम ठेवायचा पर्याय शोधा आणि चालू करा, टॅबलेटची थोडी पट्टी वाया जाईल पण गोल गोलच येईल. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर टॅबलेट एकाच मॉनिटरला बांधा, नाहीतर तेवढ्याशा जागेत दोन्ही स्क्रीन कोंबल्या जातात आणि बोटभर हललं की कर्सर हातभर जातो. आणि ड्रायव्हरमध्ये पेन मोड आणि माऊस मोड असे दोन असतात, पेन मोडच ठेवा.

टॅबलेट टेबलावर कसा ठेवलाय तेही बघा. वहीसारखा तिरका ठेवायची आपल्याला सवय असते, पण टॅबलेट तिरका ठेवला की सरळ ओढलेली रेघ स्क्रीनवर तिरकी जाते. मॉनिटरच्या कडेला समांतर ठेवा, बरोबर समोर.

आता सवय. पेनाचं टोक पृष्ठभागाला न टेकवता साधारण एक सेंटीमीटर वर धरलं तरी टॅबलेटला ते कळतं आणि कर्सर हलतो. नवीन माणूस कर्सर न्यायलासुद्धा टोक घासत नेतो, मग नको तिथे क्लिक होतं, फाइल ओढली जाते, चिडचिड होते. टोक हवेत ठेवून कर्सर जागेवर आणा आणि मगच टेकवा. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे काही दिवस माऊस ड्रॉवरमध्ये ठेवा आणि मेल, ब्राउझर, फोल्डर सगळं पेनानेच करा. चित्र काढतानाच फक्त पेन हातात घेतलं तर हात बसायला फार वेळ जातो, कारण त्या वेळी डोकं चित्रात असतं, हाताकडे लक्षच नसतं.

प्रश्न : फोटोशॉपमध्ये प्रेशर चालतच नाही, रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र चालतं. पेन खराब आहे का?

प्रेशर म्हणजे पेन किती दाबलंय ते, त्यावर रेघ जाड किंवा बारीक होते. दुसरीकडे चालतंय म्हणजे पेन ठणठणीत आहे. विन्डोजवर पेनाची माहिती प्रोग्रॅमपर्यंत पोहोचायचे दोन रस्ते आहेत, जुना विनटॅब आणि नवा विन्डोज इंक. फोटोशॉप विन्डोज इंककडून प्रेशर मागतं, आणि टॅबलेटच्या ड्रायव्हरमध्ये विन्डोज इंकची टिक काढलेली असेल तर त्याला काहीच मिळत नाही. ती टिक लावा, फोटोशॉप बंद करून परत उघडा. मग एफ५ दाबून ब्रश सेटिंग उघडा आणि शेप डायनॅमिक्समध्ये साइजचा कंट्रोल पेन प्रेशरवर आहे का बघा. तिथे त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसत असेल तर टॅबलेट अजून ओळखलाच गेला नाहीये असं समजा.

क्रिता या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये हीच निवड टॅबलेट सेटिंगमध्ये मिळते, विनटॅब की विन्डोज इंक, एक चालत नसेल तर दुसरं लावून बघा, तिथेच टॅबलेट टेस्टर पण आहे, त्यात रेघा मारल्या की प्रेशर येतंय का ते आकड्यात दिसतं. गिम्प या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये इनपुट डिव्हाइसेस उघडून पेनाचा मोड स्क्रीन करावा लागतो आणि मग ब्रशची डायनॅमिक्स निवडावी लागतात. मॅकवर असाल तर सिस्टिमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ड्रायव्हरला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिलीये का ते आधी बघा, ती नसेल तर बाकीची खटपट फुकट जाते.

आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट वापरत होतात का? मग त्याचा ड्रायव्हर आधी पूर्ण काढून टाका, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मग नवा टाका. दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत.

आणि विन्डोजवर पेन टेकवून थोडं थांबलं की गोल वर्तुळ उमटून राइट क्लिक होतं, ते बंद करा. कंट्रोल पॅनलच्या पेन अँड टचमध्ये प्रेस अँड होल्ड आहे, तिथे होतं. बारीक काम करताना पेन मध्येमध्ये थांबतंच आणि दर वेळी ते वर्तुळ आलं तर माणूस वैतागतो.

प्रश्न : ८१९२ लेव्हलचा घेऊ की ४०९६ चा? आणि स्क्रीनवाला घेतला तर लवकर शिकता येईल का?

लेव्हल म्हणजे पेनाच्या दाबाचे किती टप्पे ओळखले जातात ते, त्यावर अडून बसू नका. २०४८ लेव्हलच्या टॅबलेटवर लोकांनी वर्षानुवर्षं व्यावसायिक काम केलंय. त्यापेक्षा किती हलका स्पर्श पेनाला कळतो ते बघा, काही पेनं जरा दाबल्याशिवाय रेघच सुरू करत नाहीत आणि त्याने हात लवकर थकतो. बॅटरी नसलेलं पेन मिळालं तर बरं, टॅबलेटच्या आतल्या चुंबकीय क्षेत्रातूनच त्याला ऊर्जा मिळते, चार्जिंगची भानगड नाही आणि पेन हलकं राहतं.

आकाराचं म्हणाल तर रिटचिंगला, म्हणजे फोटोतले डाग वगैरे दुरुस्त करायला, छोटा चालतो, कारण हालचाल मनगटाची असते. चित्र काढायचं असेल आणि मॉनिटर मोठा असेल तर मीडियम घ्या, हात मोकळा फिरतो. स्क्रीनवाल्याने सुरुवात सोपी जाते हे खरं, पण मान दिवसभर खाली राहते आणि आपलाच हात चित्र झाकतो. फोटोवाल्यांना मी बिनस्क्रीनचाच सुचवीन, रंग बघायला चांगला मॉनिटर समोर असतो आणि पाठ सरळ राहते.

प्रश्न : मी पोर्ट्रेट रिटच करतो. पेन घेतलं पण माऊसने करायचो तेच पेनाने करतोय, फरक काहीच वाटत नाही. पेनाचा खरा फायदा कुठे घ्यायचा?

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते, कारण बरेच जण इथेच अडकलेत.

पेनाचा खरा फायदा म्हणजे थोडं थोडं करत जाता येणं. माऊसला चालू आणि बंद एवढंच कळतं, मधलं काही नाही. म्हणून माऊसवाला माणूस ब्लर, सॉफ्टनिंग असली एका झटक्यात होणारी हत्यारं धरतो आणि चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, त्वचेची छिद्रं जातात, माणूस ओळखू येत नाही. पेन असताना हे करायची गरजच नाही, पेनाने डॉज अँड बर्न करा, म्हणजे गडद जागा थोडी थोडी उजळ आणि उजळ जागा थोडी थोडी गडद करत जा.

पद्धत सांगते. आधी एक रिकामा लेअर, म्हणजे फोटोवरचा पारदर्शक थर, घ्या, त्यावर हीलिंग या डाग बुजवायच्या हत्याराने मुरूम, भटके केस वगैरे काढा, सॅम्पल करंट अँड बिलो ठेवा म्हणजे मूळ फोटो तसाच राहतो. हे झालं की ऑल्ट दाबून नवा लेअर बनवा, मोड सॉफ्ट लाइट, आणि खाली ५० टक्के ग्रेने भरायची टिक लावा. हा लेअर दिसायला काहीच करत नाही. आता मऊ ब्रश घ्या, फ्लो २ ते ५ टक्क्यांवर, आणि जिथे डाग गडद दिसतोय तिथे पांढऱ्याने, जिथे चमक जास्त आहे तिथे काळ्याने हळूहळू फिरवत जा. वर एक ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंट लेअर तात्पुरता लावला तर डोळ्यांना रंगाचा अडथळा होत नाही आणि कुठे उजेड अंधार विस्कटलाय ते लगेच कळतं, काम झालं की तो काढून टाका.

ओपॅसिटी आणि फ्लो यात खूप जणांचा गोंधळ आहे. ओपॅसिटी म्हणजे पेन न उचलता एका स्ट्रोकमध्ये रंग जास्तीत जास्त किती चढेल त्याची मर्यादा, आणि फ्लो म्हणजे स्ट्रोक चालू असताना तो किती वेगाने साचत जाईल ते. फ्लो कमी ठेवून एकाच जागी परत परत फिरवलं की हळूहळू साचतं, आणि डॉज अँड बर्नला नेमकं तेच हवंय.

मग प्रेशर कशाला लावायचं? रिटचिंगमध्ये ब्रशचा साइज प्रेशरला बांधू नका. साइज बदलत राहिला की कडा कधी मऊ कधी कडक पडतात आणि डाग परत दिसायला लागतो. साइज ब्रॅकेटच्या कीने हाताने बदला आणि प्रेशर फक्त ओपॅसिटीला द्या. वरच्या पट्टीत ओपॅसिटीशेजारी प्रेशरचं छोटं बटण आहे, तेवढं एक चालू ठेवा. याच्या बरोबर उलट केसांचा मास्क, म्हणजे कुठला भाग दिसावा आणि कुठला लपावा ते ठरवणारा थर, करताना. तिथे साइजला प्रेशर द्या, कारण केसाची बट मुळाशी जाड आणि टोकाला बारीक असते आणि पेन उचलत उचलत ओढलं की ती आपोआप तशीच निमुळती येते. माऊसने हे जमत नाही, कितीही सराव करा.

मास्कवर काम करताना डावा हात कीबोर्डवर असू दे. एक्सने काळा पांढरा अदलाबदल, डीने परत मूळ रंग, एवढं बोटांना पाठ झालं की उजवा हात टॅबलेटवरून हलत नाही आणि कामाचा वेग वाढतो.

आणि दर काही मिनिटांनी पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल इतका लहान करून बघा. १०० टक्के झूमला जे भयंकर दिसतं ते लांबून दिसतही नाही आणि आपण उगाच गालावर अर्धा तास घालवलेला असतो.

प्रश्न : डिजिटल पेंटिंग शिकतेय. कागदावर माझी रेघ चांगली येते पण टॅबलेटवर थरथरते. स्टॅबिलायझर लावला की येते, पण मैत्रीण म्हणते ते फसवणूक आहे.

मैत्रिणीला सांगा की फसवणूक वगैरे काही नाही, हाताची थरथर गाळून रेघ नितळ करणारं ते एक साधन आहे. क्रितामध्ये स्टॅबिलायझर आहे, फोटोशॉपमध्ये २०१७ च्या शेवटापासून स्मूदिंग आहे, लांब शाईसारख्या रेघांना खुशाल वापरा. फक्त फार वाढवू नका, रेघ पेनाच्या मागे रेंगाळायला लागते आणि हाताला जिवंतपणा राहत नाही. स्केचला बंद, फायनल लाइनला थोडा, असं मी ठेवते.

पण थरथर का येते ते बघायला हवं. बहुतेक वेळा आपण फार झूम करून फार हळू ओढतो. हळू ओढलेल्या रेघेत हाताचा प्रत्येक कंप उमटतो. टोक न टेकवता रेघेच्या वाटेवरून हवेत दोनतीनदा हात फिरवा आणि मग एका दमात ओढा, चुकली तर अनडू करून परत ओढा. लांब रेघ मनगटातून न ओढता कोपरातून, खांद्यातून ओढा. आणि कागद जसा फिरवतो तसा कॅनव्हास फिरवा, फोटोशॉपमध्ये आर दाबून, क्रितामध्ये ४ आणि ६ ने. हाताला ज्या दिशेने ओढायला सोपं जातं त्या दिशेला रेघ आणायची.

ड्रायव्हरमधला प्रेशर कर्व्ह, म्हणजे किती दाबाला किती जाड रेघ यायची ते ठरवणारी सेटिंग, पण एकदा नीट लावून घ्या. तुमचा हात हलका असेल तर कर्व्ह मऊ करा म्हणजे थोड्या दाबातच जाड रेघ मिळेल, जड असेल तर कडक करा. एकदा मनासारखा झाला की त्याला परत हात लावू नका. रोज सेटिंग बदलत राहिलं तर हाताला काय शिकायचं तेच कळत नाही.

रंगवायला लागाल तेव्हा सुरुवातीची काही चित्रं फक्त ग्रेमध्ये करा, उजेड कुठून येतोय ते बसलं की रंग नंतर सोपा जातो. छापायचं असेल तर पहिल्यापासून मोठा कॅनव्हास घ्या, ए४ ला ३०० पीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, छोट्यावर काढून नंतर ताणलं की कडा फुटतात. आणि कॅनव्हास अधूनमधून आडवा पलटवून बघा, एक डोळा वर एक डोळा खाली गेलेला असेल तर लगेच कळतं.

प्रश्न : निब फार लवकर झिजते आणि संध्याकाळी अंगठा दुखतो.

दोन्हीचं मूळ एकच, तुम्ही पेन दाबताय. वर सांगितलं तसा कर्व्ह मऊ करा, दोन्ही कमी होईल. निब, म्हणजे पेनाचं टोक, घासून एका बाजूला चपटी आणि धारदार झाली की लगेच बदला, ती धार टॅबलेटवर चरे पाडते. पेन जाड पकडीचं मिळालं तर अंगठ्याला आराम पडतो. आणि दुखणं रात्रभर विश्रांती घेऊनही राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

प्रश्न : मी डावखुरी आहे, बटणं नेमकी हाताखाली येतात.

टॅबलेट उलटा फिरवून ठेवा, म्हणजे बटणं उजवीकडे जातील, आणि ड्रायव्हरमध्ये डावखुऱ्यांसाठीचा पर्याय किंवा १८० अंशांचं रोटेशन निवडा. बहुतेक सगळ्या ड्रायव्हरमध्ये आहे.