हौसेनं पाळलेल्या मेंढ्यांच्या लोकरीतून धाग्याचं छोटं दुकान चालवता येईल का?

येईल. मी तेच करते, आणि मनापासून करते. फक्त तुम्ही लिहिलेला क्रम मी उलटा करेन. तुम्ही म्हणता की मेंढ्या आहेतच, आता दुकानाला जागा बघायची, मग लोकर गिरणीत देऊन सूत कातून घ्यायचं. जागा सगळ्यात शेवटी बघा. आधी आपल्या कळपाची लोकर कशी आहे ते नीट ओळखा, कारण धागा किती जाड काढायचा, तो कोण घेणार आणि त्याचं काय विणणार, हे सगळं तिच्यावरच ठरतं.

मऊ लोकर तेवढी चांगली, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खरं नाही. मेरिनो या मऊ लोकरीच्या जातीचा तंतू साधारण २४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतो, रोमनीसारख्या लांब लोकरीच्या जातीत तो सहसा ३०च्या पुढे जातो. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतू शेकडा ५ च्या वर गेले की कापड अंगाला टोचायला लागतं. अशा लोकरीची बाळाची टोपी विणाल तर बाळ ती ओढून फेकून देईल. पण तीच लोकर पिशवीला, आसनाला, वरून घालायच्या जाड स्वेटरला झकास. तिला चमक असते, ती घासली तरी लवकर गोळे धरत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. आपल्या लोकरीला जे जमत नाही ते तिच्याकडून करून घ्यायचा हट्ट धरला, की गिऱ्हाईक एकदा येतं आणि परत येत नाही.

कातरणी झाली की एका मेंढीची अख्खी लोकर जाळीच्या टेबलावर पसरा, कापलेली बाजू खाली. कडेकडेची लोकर निर्दयपणे काढून टाका. पोटाखालची, पायांची, लेंड्या चिकटलेली मागची, मानेवरची गवत अडकलेली. मग खांद्यावरची पेन्सिलीएवढी जाड बट घ्या, दोन्ही टोकं चिमटीत घट्ट धरा आणि कानाजवळ नेऊन झटक्यानं ताणा. तारेसारखा स्वच्छ आवाज आला तर लोकर दणकट. करकर ऐकू आली किंवा बट मधेच तुटली, तर त्या जागी तंतू बारीक झालेला आहे. मेंढी तापानं आजारी पडली असेल, तिची उपासमार झाली असेल किंवा कोकरू होण्याच्या काळात ती खंगली असेल, तर त्या दिवसांची खूण बटीत राहते. अशी लोकर पिंजताना तुटते आणि सुतात बारीक गाठी येतात. ती सुताला देऊ नका, नमद्याला, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाला वापरा.

म्हणून मी म्हणते की या धंद्याचं निम्मं काम गोठ्यातच होतं. गव्हाण मेंढीच्या डोक्याच्या वर टांगली की सगळा भुसा मानेत पडतो, ती खालीच ठेवा. चरायच्या रानातलं गोखरू आणि कुसळं आधी उपटा. अंगावर खुणेसाठी धुऊन जाणारा रंगच वापरा. ओली मेंढी कातरू नका, कारण ओली लोकर पोत्यात कुजते. पांढऱ्या मेंढ्या आधी घ्या, काळ्या-तपकिरी नंतर. कातरणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की एकाच जागेवरून कात्री दोनदा फिरवू नका, भलेही थोडी लोकर अंगावर राहिली तरी चालेल. दुसऱ्या फेरीत निघणारे ते आखूड तुकडे नंतर वेचून काढणं फार जिकिरीचं असतं.

थोडी लोकर घरी धुऊन बघाच. साधारण ६० अंशांचं पाणी, थोडा साबण, आणि लोकर फक्त बुडवून ठेवायची. चोळली, ढवळली किंवा तिच्यावर नळ सोडला की तिचा नमदा झालाच म्हणून समजा. पाणी गार व्हायच्या आत बाहेर काढा, नाहीतर सुटलेलं मेण परत तंतूंवर बसतं आणि लोकर चिकट राहते.

आता हिशोब. समजा एका मेंढीची ३ किलो लोकर निघाली. कडा काढून सव्वादोन उरली. धुतल्यावर मेण आणि माती जाऊन दीडच्या आसपास आली. मेरिनोसारख्या चिकट लोकरीत ही घट आणखी मोठी, लांब लोकरीत कमी. पिंजण्या-कातण्यातही थोडी जाते. हातात १०० ग्रॅमच्या बारा-तेरा लड्या पडल्या. आता गिरणीचा खर्च, रंग, तुमची मेहनत आणि मेंढीचा वर्षाचा चारा त्या लड्यांवर वाटा. निघेल तो भाव सांगायला लाजू नका. कारखान्यातल्या स्वस्त धाग्याशी भावात टक्कर द्यायला गेलात तर कळपच विकावा लागेल.

गिरणीला आधी दोन गोष्टी विचारा, कमीत कमी किती वजन घेता आणि माझी लोकर दुसऱ्यांच्या लोकरीत मिसळता का. मिसळत असतील तर माझ्या मते तिथं देऊच नये. या मेंढ्यांचा हा धागा, एवढं खात्रीनं सांगता येणं हेच आपल्या दुकानाचं भांडवल आहे.

लडीच्या चिठ्ठीवर जात, कातरणीचं वर्ष, वजन, किती पदरी आहे ते, धुवायची रीत आणि मुख्य म्हणजे लांबी मीटरमध्ये लिहा. १०० ग्रॅममध्ये २०० मीटर म्हणजे मध्यम जाडीचा धागा, ४०० मीटर म्हणजे मोज्यांचा बारीक. विणणारीला हा आकडा नसेल तर स्वेटरला किती लड्या लागतील ते कळत नाही. तुरटी लावून मंजिष्ठेच्या लाल रंगात रंगवत असाल तर एका स्वेटरपुरत्या लड्या एकाच वेळी एकाच भांड्यात रंगवा, दुसऱ्या खेपेला तीच छटा येत नाही. शेजारी विणलेला तुकडा ठेवा. माझ्याकडे लोक आधी लडी दाबून बघतात, पण ठरवतात त्या तुकड्यावर हात फिरवूनच.

एका कातरणीचा माल वर्षभर पुरत नाही. उरलेले महिने सुया, क्रोशाचे हूक, पेळू (कातायला तयार, पिंजलेल्या लोकरीच्या वळकट्या), कातणाऱ्यांसाठी निवडलेली कच्ची लोकर आणि विणकामाचे वर्ग यांवर निघतात. दुसऱ्यांच्या कळपाचा धागाही ठेवा, पण त्यांच्या नावानं. आणि कच्ची लोकर धुतलेल्या मालाजवळ कधीच ठेवू नका, कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड लागली की दोन्हींची चाळण होते.

या वर्षी दुकान नको. एक छोटी खेप कातून घ्या आणि ओळखीच्या विणणाऱ्यांना देऊन त्या काय विणतात ते बघा. तुमच्या मेंढ्यांची जात आणि बटीची लांबी इथं कळवलीत, तर कोणत्या जाडीचा धागा काढावा ते मी सांगू शकेन.