जुनं, देखणं पण गैरसोयीचं घर विकत घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शंभरेक वर्षांपूर्वीचं दुमजली घर आहे. जाड भिंती, उंच छत, कोरीव कठड्याचा लाकडी जिना, खालच्या दालनात रंगीत फरशी. पाहताक्षणीच तुम्हा दोघांना ते आवडलं. पण न्हाणीघर एकच, तेही खाली. जिना उभा आहे आणि आईचे गुडघे दुखतात. एका खोलीत जायला दुसऱ्या खोलीतून जावं लागतं. मागच्या भिंतीला ओल आहे, गाडी लावायला जागा नाही आणि वायरिंग कधीचं ते मालकांनाही सांगता येत नाही. याच पैशात नवं, सगळ्या सोयींचं घर मिळेल असं घरचे म्हणतात. तेव्हा मनाचं ऐकावं की हिशेबाचं, असं तुम्ही विचारलंय.

जुन्या इमारतींची पाहणी आणि दुरुस्ती हे माझं काम आहे आणि मी स्वतः अशाच एका घरात राहते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही कागदावर दोन रकाने पाडलेत, एकात घराचं सौंदर्य आणि दुसऱ्यात त्याच्या गैरसोयी. माझा अनुभव असा की जुन्या घरात पुष्कळदा एकच गोष्ट दोन्ही रकान्यांत बसते. उंच छतामुळे उन्हाळ्यात गरम हवा डोक्याच्या वर राहते आणि खोली सुसह्य होते; त्याच छतामुळे थंडीत ऊब वर निघून जाते. जाड भिंत बाहेरचा आवाज अडवते, दिवसाची उष्णता आत यायला रात्र करते. तीच भिंत वायफायही अडवते आणि तिच्यात नळ लपवणं जिकिरीचं होतं. दालनातून दालन उघडतं म्हणून घर मोकळं वाटतं आणि म्हणूनच कुणाला एकटं बसायला कोपरा मिळत नाही. आता यातली गैरसोय काढायला गेलात, छत खाली आणलंत, दालनात आडभिंती घातल्यात, खिडक्या बदलून ॲल्युमिनियमच्या केल्यात, तर ज्या घरावर जीव जडला ते घरच उरणार नाही. पैसे मात्र जुन्या घराचे आणि नव्या कामाचे असे दोन्ही गेलेले असतील.

म्हणून मी लोकांना आधी एकच विचारते: हे घर आहे तसं, फक्त गळती थांबवून, वायरिंग-नळ नवे करून दिलं तर तुम्ही त्यात आनंदाने राहाल का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचा. ‘आम्ही ते पूर्ण बदलून घेऊ’ असं उत्तर असेल तर मनापासून सांगते, नवं घर घ्या.

आता ओलीकडे येते. तुम्ही तिचा उल्लेख ओझरता केलाय, मला मात्र खरी काळजी तिचीच वाटली. त्या काळच्या बहुतेक विटांच्या आणि दगडांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळूत कालवून भिंतीत भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश पुन्हा चुनखडीच होतो. हा चुना मऊ आणि सच्छिद्र असतो. पावसात भिंतीत पाणी मुरतं, कोरड्या दिवसांत ते त्याच चुन्यातून उडून जातं. घर जरासं हललं तर भेग चुन्याच्या दरजेतून जाते आणि वीट शाबूत राहते.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ साली घेतलं, पण घरगुती दुरुस्तीत ते सर्रास आलं ते विसाव्या शतकात. त्यानंतर जुन्या घरांच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी हेच घडलं: भिंतीला डाग दिसला म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला आणि आतून तेलरंग मारला. पाणी आत जाण्याच्या वाटा तशाच राहिल्या, फुटकी पन्हळ, सरकलेली कौलं, जोत्यापाशी साठणारं पाणी. बाहेर पडायची वाट तेवढी बंद झाली. मग क्षार पृष्ठभागाजवळ येऊन लोणा धरतो, रंगाचे पोपडे निघतात, सिमेंटमागची वीट भुसभुशीत होते. पाहणाऱ्याला वाटतं घर म्हातारं झालं. घराच्या वयाचा यात फारसा दोष नसतो. त्याला जो थर सोसत नाही तो अंगावर चढवलेला असतो.

तेव्हा मागच्या भिंतीपाशी जाऊन नीट पाहा. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटर-दीड मीटरच्या वर जात नाही. डाग त्याहून वर असेल तर पाणी छपरातून, पन्हळीतून किंवा खिडकीच्या कडेने येतंय असं समजा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झालीय का तेही पाहा. फरसबंदीवर फरसबंदी घालत गेलं की ती गुपचूप वर येते आणि भिंत कायमची ओल्या मातीत उभी राहते. यातलं बरंचसं बरं होणारं आहे. पाण्याची वाट बंद करायची, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा द्यायचा आणि थांबायचं. थांबणं यात मोलाचं आहे, कारण जाड भिंत सुकायला वर्षही लागतं. आणि एक विनंती: ओल घालवायचं औषध विकणाऱ्याकडून ओलीची तपासणी करून घेऊ नका, ती फुकट असली तरी.

ओलीहून मोठा प्रश्न ती लाकडात शिरली असेल तर. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांवर गेला आणि तिथेच टिकला की बुरशी लाकूड कुजवायला लागते. तुळयांची टोकं भिंतीत रुतलेली असतात, आणि तुळई मधोमध ठणठणीत असताना ही टोकं आतून पोकळ झालेली मी अनेकदा पाहिली आहेत. मागच्या भिंतीत कुठल्या तुळया बसल्यात ते शोधा, तिथे ओलावा मोजणारं यंत्र लावून घ्या, टोच्याने टोचून घ्या. माझ्या मते तुमचा सगळा निर्णय या टोकांवर आहे. भिंतीतल्या भेगांचं मी एवढं मनाला लावून घेत नाही. केसाएवढ्या भेगा प्रत्येक जुन्या घरात असतात. पाचेक मिलिमीटरहून रुंद, तिरकी जाणारी किंवा कडा ताज्या दिसणारी भेग मात्र स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवायलाच हवी.

वायरिंगबद्दल मालकांना माहिती नसेल तर ते सगळं बदलायचंय असं धरून चाला. जुन्या तारांवरचं रबर कडक होऊन गळून पडतं, आणि आजच्या उपकरणांचा भार त्या तारांसाठी मोजलेलाच नव्हता. काम कटकटीचं आहे पण ते एकदा झालं की झालं. घरात लहान मूल असेल किंवा येणार असेल तर जुना रंग सुका घासू नका आणि ज्योतीने जाळून काढू नका. पूर्वीच्या तेलरंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ साली हद्दपार झालं. तसंच मधल्या काळात छपरावर पत्रे घातले असतील किंवा पाइपांना वेष्टण असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस नाही ना, हे तोडफोडीआधी तपासून घ्या.

न्हाणीघराची गोष्ट मला तुमच्यापेक्षा वेगळी दिसते. खाली न्हाणीघर असणं आईसाठी सोयीचंच आहे. खालची एखादी खोली त्यांना निजायला देता येत असेल तर उभ्या जिन्याचा प्रश्न त्यांच्यापुरता उरत नाही. जिन्याला हात लावायचा विचार मात्र सोडून द्या. आजचे सुखाचे जिने ३० ते ३५ अंशांत चढतात. जुना जिना तेवढा निजवायचा तर त्याला दालनाचा मोठा तुकडा द्यावा लागेल. दुसऱ्या बाजूलाही पकडायला कठडा लावा, पायऱ्यांवर चांगला उजेड पाडा, तेवढं पुरे.

वर तुमच्यासाठी दुसरं न्हाणीघर करायचंच असेल तर ते खालच्याच्या नेमकं डोक्यावर बसतं का ते पाहा. संडासाचा पाइप साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याला उतार लागतो. तो लाकडी तक्तपोशीतून आडवा न्यायचा म्हणजे तिला पेलणाऱ्या आडव्या लाकडांना, कड्यांना, खाचा पाडणं आलं, आणि खाच पडली की कडीची ताकद झपाट्याने घटते. शंभर वर्षं उभी असलेली घरं अशा एका हौशी न्हाणीघराने वाकलेली आहेत. पाइप सरळ खाली उतरत नसेल तर दुसऱ्या न्हाणीघराचा नाद सोडा किंवा घराचा.

गाडीचं काही करता येणार नाही. रात्री, पावसात, हातात सामान घेऊन जिथे गाडी लागेल तिथून घरापर्यंत चालून पाहा. रोज हे चालेल का, हे तुमचं तुम्हालाच ठरवायचंय.

कागदपत्रांत नेहमीच्या गोष्टींबरोबर एक पाहायलाच हवं: घर वारसा म्हणून संरक्षित यादीत आहे का. असेल तर दर्शनी भाग, खिडक्या, कधी जिनासुद्धा परवानगीशिवाय बदलता येत नाही. काहींना ही कटकट वाटते. मला वाटत नाही, कारण शेजारचं घर पाडून तिथे काही भलतंच उभं राहणार नाही, याची थोडी हमी त्यातूनच मिळते. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की जुनी वास्तू वापरात राहिली तर तिचं जतन सोपं होतं, पण वापरासाठी तिची रचना आणि सजावट बदलू नये. घर संरक्षित नसलं तरी हे सूत्र मी स्वतः पाळते. विमा आणि कर्ज मिळेल का, याची चौकशी आधीच करा. जुन्या बांधकामाला दोन्हीकडे जास्त प्रश्न विचारतात.

पैशाचं सांगायचं तर सगळी पुंजी खरेदीत घालून रिकाम्या हाताने आत जायची वेळ येणार असेल तर घेऊ नका. भिंत उघडेपर्यंत आत काय आहे ते कुणीच ठामपणे सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. पहिला पैसा छप्पर, पन्हळी आणि तुळयांवर खर्च करा, मग वायरिंगवर. स्वयंपाकघर नवं करायची घाई करू नका. पहिलं वर्षभर, सुरक्षेची कामं सोडून, कशालाही हात न लावता राहा. ऊन कुठल्या खोलीत कधी येतं, वारा कुठून खेळतो हे कळलं की ठरवलेली निम्मी कामं आपोआप रद्द होतात. पुढची देखभाल मात्र चुकत नाही. १८७७ साली इंग्लंडमध्ये लेखक आणि कलाकार विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की रोजची निगा राखा म्हणजे पुढच्या मोठ्या जीर्णोद्धाराची वेळ येत नाही. पन्हळीतला पाला काढायचा, सरकलेलं कौल जागेवर बसवायचं, लाकडाला वेळच्या वेळी तेल द्यायचं. हे करण्यात तुम्हाला समाधान वाटणार असेल तर हे घर तुमचं आहे. ओझं वाटणार असेल तर घरच्यांचं ऐका, त्यात काही कमीपणा नाही.

विसार देण्याआधी चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर स्वतः नेमा, विक्रेत्याने सुचवलेला नको. शक्यतो पावसात, निदान जोरदार पाऊस पडून गेल्यावर लगेच पाहणी करा, आणि अहवाल समाधानकारक नसेल तर विसार परत मिळेल असं लेखी घ्या. तुळयांची टोकं शाबूत निघाली, ओलीचं कारण पन्हळीत किंवा सिमेंटमध्ये सापडलं आणि आईची खोली खाली बसली, तर तुमच्या जागी मी हे घर नक्की घेईन. तुळया गेलेल्या असतील तर त्यांच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करायला सांगा. मालक नाही म्हणाले, किंवा भिंत तपासूच दिली नाही, तर दुसरं घर बघायला लागा.