एक एकर, तीन पावसाळे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

गावामागच्या टेकडीवर लावायला शंभर रोपं मिळताहेत, असं तू लिहिलंस. रोपं तूर्त राहू देत. आधी त्या जागेचा उतारा काढ. खानापूर तालुका कर्नाटकात, म्हणून तो कन्नडमध्ये असेल. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी नीट वाचून घे. 'गोमाळ' म्हणजे आपलं गायरान निघालं तर पंचायत आणि तहसीलदार, वनखात्याची जमीन असेल तर रेंज ऑफिस. अर्ज कन्नडमध्येच लिही आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊलही नको. तिथं गुरं कोण चारतं तेही विचारून ये. त्यांना न सांगता घातलेलं कुंपण महिनाभर टिकत नाही.

मग एकच एकर धर आणि तिथं माजलेल्या घाणेरीला, म्हणजे लँटानाच्या परदेशी झुडपाला, हात घाल. कोयता घरी ठेव. वरून तोडलेल्या घाणेरीला बुंध्यापासून चौपट फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी आत शिरायला वाट उरत नाही. पाऊस मुरून माती मऊ झाली की बुंध्याभोवती कुदळीने माती सार. खोड संपून मूळ सुरू होतं तिथं गाठीसारखा फुगीर भाग लागेल. त्याच्या खाली तीन-चार बोटं मूळ तोड. ही गाठ जमिनीत राहिली तर सगळी मेहनत फुकट. उपटलेलं झुडूप मुळं वर करून दगडावर पालथं ठेव, कारण ओल्या मातीला टेकलेली फांदी तिथंच मूळ धरते. फळं काळी व्हायच्या आत हे उरकायला हवं. एकदा बुलबुलांनी ती खाल्ली की बी टेकडीभर पसरतं.

उतारावर सगळं एका दमात मोकळं करू नकोस. खानापूरकडचा पाऊस उघडी माती नाल्यात नेतो. उताराला आडवे पट्टे काढ, मधले पट्टे पुढच्या वर्षी. हात घालण्याआधी काठीने झुडूप हलव. गांधीलमाश्यांचं पोळं हमखास आतच असतं.

मोकळ्या जागेत पहिल्यांदा येतं ते गाजर गवत. ते फुलायच्या आत मुळासकट उपट आणि दिवाळीनंतर जमवून ठेवलेलं मारवेल गवताचं बी तिथं फेक. घाणेरीची नवी रोपं दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यातही येत राहतात, पण ती दोन बोटांनी उपटता येतात. बहुतेकांचा उत्साह नेमका याच वेळी संपलेला असतो.

झाडं लावायचीच असतील तर जवळच्या देवराईतली जांभूळ, हिरडा, अंजनी बघ. बी उचलण्याआधी गावाला विचार. जांभळाचं बी वाळवून ठेवलंस तर मरतं, आठवड्याभरात माती भरलेल्या पिशवीत टोच. कणकुंबी-चोर्ल्याकडच्या सड्यांवर, म्हणजे जांभा खडकाच्या सपाट पठारांवर, मात्र खड्डा मारू नकोस. सडा म्हणजे उजाड माळ नव्हे. पावसाळ्यात त्या वीतभर मातीतच गवत आणि रानफुलं येतात. खड्डे मारून अकेशियाची परदेशी झाडं लावणाऱ्यांना हे पटवणं कठीण जातं, तरी सांगत राहा.

पंचायतीत जैवविविधता समिती आहे का, तेही विचार. 2002 च्या कायद्याने ती असायला हवी. देवराईची नोंद तिच्या नोंदवहीत करून घे.

पहिल्या रविवारी चौघांनाच बोलाव. कुदळी तेवढ्याच मिळतील, आणि रिकाम्या हाताने उभी राहिलेली माणसं पुढच्या खेपेला येत नाहीत. दांडे आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेव, म्हणजे फुगून घट्ट बसतील.

तुझे हितचिंतक