आधी भांडं घास

लेकरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिन्याखाली वीस लिटरचा पाण्याचा जार, त्यात बेकरीचं यीस्ट, साखर आणि मोड आलेली ज्वारी. विचारतोस, फेस आला पण वास सडक्या अंड्याचा का? आणि पार शेवटी, बारीक अक्षरात, ‘हे चुकतंय का?’ त्याचं उत्तर तुला ठाऊक आहे, म्हणूनच तर अक्षर बारीक झालं.

तू सतराचा. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25. वर परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा, करणारा सतराचा असो की सत्तरचा. अमेरिकेत चालतं म्हणतोस. तिथं 1978 साली केंद्रीय कायद्यानं मोकळीक दिली ती प्रौढांना, तीही मोजून: एकट्याला वर्षाला 100 गॅलन, घरात दोघं प्रौढ असले तर 200. तेव्हा बिअरची कृती माझ्याकडून मिळणार नाही. रुसायचं तर रूस.

वासाचं मात्र सांगतो. तो उपाशी किंवा तापलेल्या यीस्टचा असतो, नाहीतर भांड्यात आधीच ठाण मांडून बसलेल्या जंतूंचा. तुझ्या जारमध्ये यातलं कोणतं? सांगताच येणार नाही, कारण जार तू नुसता विसळलास. घाणेरड्या भांड्यात बिघाडाचं कारणही सापडत नाही. म्हणून म्हणतो, आधी भांडं घास.

घासणं म्हणजे विसळणं नव्हे, आणि घासलं म्हणजे निर्जंतुक झालं असंही नव्हे. ही दोन वेगळी कामं. पाच लिटर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा, वीस मिनिटं भिजवण, मग मऊ ब्रश. प्लास्टिकला तारेची घासणी लावू नकोस. ओरखड्यांत जंतू बसतात आणि मग सहजी निघत नाहीत. आपल्या बोरच्या पाण्याचा पांढरा थर हे तर त्यांचं घरच. तो सोड्यानं जात नाही, त्याला सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी लागतं. ते लावलंस तर ब्लीचिंगला हातसुद्धा लावू नकोस. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. शेवटी काच आणि स्टील दहा मिनिटं उकळत्या पाण्यात. हे सगळं झालं की मग यीस्टचं नाव काढ.

कंटाळा आला ना? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात बिअर बिघडायला लागली, तेव्हा तिथल्या एमिल हान्सेन या शास्त्रज्ञानं त्यात शिरलेलं रानटी यीस्ट ओळखलं आणि 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवलं. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे भोवलं, ते तुझ्या जिन्याखाली भोवणार नाही होय? आपल्या वाळूजच्या बिअर कारखान्यांतही बरंच पाणी टाक्या आणि नळ्या धुण्यातच जातं. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात केली, ते उगाच नाही.

ज्वारीचं वेगळं सांगतो. मोड आलेली ज्वारी मटकीसारखी खायची वस्तू नाही. तिच्या कोंबांतल्या एका घटकातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, ते त्याच विषानं. ती जनावरांनाही घालू नकोस.

हाताला काम हवंय तर हे घे. अर्धा लिटर दूध उकळव, 43 अंशांवर येऊ दे, चमचाभर विरजण मिसळ आणि दोन बरण्यांत ओत. एक वरच्या रीतीनं घासून उकळलेली, दुसरी नुसती विसळलेली. सहा तासांनी वास घे, चव घे. मग फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवस रोज नुसता वास घे आणि वहीत लिही. त्यानंतर आंबील: वाटीभर ज्वारीचं पीठ ताकात कालवून उन्हाळ्यात सहा तास, थंडीत रात्रभर ठेव, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात गाठी न होऊ देता शिजव. मे महिन्यात खोली 38 वर गेली की तेच पीठ किती लवकर आंबट होतं, तेही लिही. तापमान लिहिलं नाहीस तर प्रयोग झालाच नाही असं समज.

लोक मला सोवळ्याचा म्हातारा म्हणतात. म्हणोत. थोडं गोड बोललो असतो तर माझ्याकडे शिकायला आलेली चार पोरं जास्त टिकली असती, हेही मला कळतं. पण भांड्याच्या बाबतीत गोड बोलता येत नाही, आणि जे टिकले त्यांचं दही कधी बिघडत नाही. बारावीनंतर खरंच यात जायचं असेल तर परभणीला कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे. यीस्टशी तिथं रीतसर ओळख होईल, जिन्याखाली नाही.

आता जार. त्यातलं कुणी चाखू नये, तुझ्या मित्रांनी तर नाहीच. उकिरड्यावर ओत. माय विचारेल, तिला खरं काय ते सांग. रिकाम्या जारचं झाकण वेगळं भिजव आणि आतली रबराची चकती सुरीच्या टोकानं उचलून काढ. सगळ्यात जास्त घाण तिच्याखालीच असते.